दोर कापलेला आहे

उर्मिला घवाळीला चुका दिसायच्या. मिरा रोड स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती सहा वर्षं रिपोर्ट टाइप करत होती. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेलं दशांशचिन्ह तिच्या नजरेतून सुटत नसे. घरी बेव्हर्ली पार्कच्या वन रूम किचनमध्ये ती आणि तिची आई अनसूया, दोघीच. आई म्हणायची, "तुझ्यापुढे जेवण वाढायचीसुद्धा भीती वाटते बघ. मीठ कुठे पडलं तेही दिसतं तुला."

दुपारी दीड ते अडीच लॅबमध्ये पेशंट नसत. डबा खाता खाता उर्मिला इंटरनेटवर 'क्षारद्वीपाची गादी' वाचायची. ते चित्रांमधून सांगितलेलं मोठं कथानक होतं. कुणीतरी हातानं काढून, स्कॅन करून, दर गुरुवारी दोन पानं एका फुकटच्या साइटवर टाकायचं. काढणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

क्षारद्वीप हे एका झोपलेल्या अजस्र माशाच्या पाठीवर वसलेलं राज्य. तिथे गादीवर बसणाऱ्यानं आधीच्या राजाचे शेवटचे शब्द माशाच्या कानात सांगायचे. शब्द खरे असले तर मासा वळतो आणि गादी पक्की होते. पण राजा उदधी वादळात समुद्रात गेला तेव्हा त्याच्याबरोबर होडीत एकटाच माणूस होता, त्याचा सुकाणू धरणारा वल्लभ. वल्लभ परतला तो राजाच्या कमरेला बांधलेल्या दोराचं नुसतं टोक हातात घेऊन. "दोर तुटला," त्यानं राणीला सांगितलं. मग राजपुत्र निमिषला त्यानंच वाढवलं, पोहायला शिकवलं, तापात रात्र रात्र त्याच्या उशाशी बसला. निमिष अठरा वर्षांचा झाला. वल्लभनं त्याला शेवटचे शब्द सांगितले. "राज्य सांभाळ." निमिषनं ते माशाच्या कानात म्हटले.

मासा वळला नाही.

हे पान आलं जून २००८ मध्ये, आणि ऑर्कुटवर उर्मिलेनं सुरू केलेला वाचकांचा जो गट होता तो पेटून उठला. दोनेकशे माणसं होती त्यात. पुणे, नागपूर, एक जण मस्कतला. मासा का वळला नाही? निमिष खरा वारस नाही म्हणून? की शब्द खोटे म्हणून? आणि शब्द खोटे तर वल्लभ कोण, निष्ठावान की दगाबाज?

निष्ठावानांच्या बाजूला सगळ्यात जोरात लिहायचे गुणवंत मोकल. वय पन्नाशीच्या पुढे, मूळचे पेणचे, काशीमीऱ्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी. ट्रकच्या भोंग्यांमध्ये बसून ते लांबच लांब लिहायचे. 'त्यानं लेकराला वाढवलं. यापरीस मोठा पुरावा काय पाहिजे तुम्हाला? गादी हवी असती तर पोर तापात असतानाच संधी नव्हती का?'

उर्मिला दुसऱ्या बाजूची. तिला पुराव्याचं बोलणं आवडायचं, पण पुरावा म्हणजे दिसणारा. ती सहाव्या पानावर परत गेली. वल्लभ परत येतो, राणीपुढे दोराचं टोक ठेवतो, ते चित्र तिनं मोठं करून पाहिलं. मग घरी गॅलरीतली कपडे वाळत घालायची जुनी दोरी तिनं सुरीनं कापली आणि उरलेला तुकडा दाराच्या कडीला बांधून तुटेपर्यंत ओढला. आई ओरडत राहिली. तुटलेल्या टोकाचे पीळ कमीजास्त लांबीचे सुटले होते, कापलेल्याचे सगळे एका पातळीत. तिनं दोन्हींचे फोटो मोबाइलवर काढले आणि सहाव्या पानातल्या चित्राशेजारी लावून गटावर टाकले. वर मथळा दिला: 'दोर कापलेला आहे.'

तीन दिवसांत पावणेदोनशे उत्तरं आली. गुणवंत मोकलांनी फक्त एवढंच लिहिलं, 'बाई, तुम्ही वकील व्हायला हवं होतंत.'

चौथ्या दिवशी तिला एक खाजगी निरोप आला. 'मी क्षारद्वीप काढतो. माझं नाव निकेत. मी दोर तुटलेला काढला होता. तुम्हाला कापलेला कुठे दिसला?'

उर्मिला खुर्चीतून उठलीच. तिनं सगळं समजावून लिहिलं. पीळ, पातळी, सुरी. संध्याकाळी उत्तर आलं. 'बरोबर आहे तुमचं. मी नीट पाहिलं. पण तो दोर मी मनानं काढला नव्हता. लहानपणी घरी पाहिलेला, तो आठवून काढला.'

या वाक्यापाशी आपण थांबायला हवं होतं, हे तिला फार नंतर कळलं. तेव्हा तिला एवढंच वाटलं की खुद्द काढणारा आपल्याशी बोलतोय. तिनं विचारलं, तुम्ही कुठले? तो पालीचा निघाला, उत्तनजवळच्या. भाईंदरला एका बॅनर छापणाऱ्याकडे कामाला होता, स्कॅनर तिथलाच. 'म्हणजे आपण अर्ध्या तासावर राहतो!' तिनं लिहिलं.

आठवडाभर निरोप येत-जात राहिले. मग एका दुपारी त्यानं विचारलं, 'तुमच्या मते निमिषनं आता काय करावं?'

तिनं डब्याचं झाकण लावता लावता टाइप केलं, 'भर दरबारात विचारावं. एकांतात विचारलं तर वल्लभ पुन्हा खोटंच बोलेल. माणसं जमलेली असली की चेहरा बोलून जातो.' उत्तर तिला इतकं आवडलं की खुद्द लेखकानं आपल्याला विचारलं असं सांगून तिनं ते गटावरही टाकलं. सगळ्यांनी वाहवा केली.

त्यानंतर दोन गुरुवार पानं आली. त्यात निमिष नुसता माशाच्या पाठीवरून फिरत होता, एकही शब्द नव्हता. मग पानं यायची थांबली. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. तिच्या निरोपांनाही उत्तर नव्हतं. गटावर नवे नवे तर्क निघत होते. गुणवंत मोकलांचा एक दिवस लॅबमध्ये फोन आला. "उर्मिलाताई, तुमची ओळख आहे ना त्या पोराशी? जाऊन बघा जरा. आजारी बिजारी असेल. मला काय बरं वाटत नाही."

दसऱ्यानंतरच्या रविवारी ती भाईंदरहून उत्तनच्या बसमध्ये बसली. निकेतला दाखवावं म्हणून सहाव्या पानाची प्रिंट पर्समध्ये घेतली होती. पालीला उतरल्यावर निकेतचं नाव विचारलं तेव्हा दुकानातल्या बाईनं नुसता हात करून गल्ली दाखवली.

घर शेवटचं होतं. पुढ्यात बांबूंवर बोंबील वाळत होते. ओट्यावर पन्नाशीची एक बाई सुकट निवडत बसली होती. ती निकेतची आई, शालू. उर्मिलेनं नाव सांगितलं. शालूनं सुपातले हात थांबवले.

"तुमीच त्या," ती म्हणाली. "तो बोलला व्हता. येक बाय हाय, तिला सगलं दिसतं."

"निकेत आहे का घरी?"

"बोटीवर गेलाय."

"बोटीवर? तो तर भाईंदरला कामाला—"

"व्हता," शालू म्हणाली. "आता बोट त्याचीच. न्हेणार कोन? उलट्या होतात त्याला. दोन गडी हायेत संगती, तेच संभालतात. बसा."

तिनं पाणी दिलं आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं. निकेत नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील, बाबाजी, समुद्रात गेले. बोटीवर त्यांच्याबरोबर फक्त धाकटा भाऊ धर्मा होता. धर्मा परत आला तो दोराचं टोक घेऊन. याच ओट्यावर त्यानं ते ठेवलं. दोर तुटला, असं गावाला सांगितलं. मग त्यानं लग्न केलं नाही. बोट चालवली, भावजयीचं घर चालवलं, निकेतला शाळेत घातलं, रंग आणून दिले. पण बोटीवर पाय ठेवू दिला नाही.

"औंदा नारली पुनवेला," शालू म्हणाली, "सगला गाव जेटीवर. बोटी सजवलेल्या. धर्माच्या हातात नारल. तवा या पोरानं मोठ्यानं विचारलं, काका, दोर तुटला का कापला? लोक पयले हसले. त्यांना वाटलं, पोर काय मस्करी करतंय."

उर्मिलेनं पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला.

"धर्मानं नारल खाली ठेवला. कापला, म्हनाला. येवढंच. घरी आला, वलकटी घेतली नि जाल्यांच्या झोपडीत ऱ्हायला गेला. दोन म्हयने झाले. त्याच्या संगतीनं कोन बोलत न्हाय. दुकानात गेला का मानसं गप होतात."

"मावशी," उर्मिला कशीबशी म्हणाली, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"मना? मना पयल्याच दिशी. त्यानं पाय धरून सांगितलं मना. दोर बाबाजीच्या पायाला अडकलेला, जालं खडकाला. बोट पलटी व्हायला आलेली. दोगं बी गेलं असतं. बाबाजीच म्हनाला, काप. म्हनून कापला."

"मग निकेतला का नाही सांगितलंत?"

शालूनं तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "नऊ वर्साचा पोर. येक बाप गेलेला. दुसरा मी कशाला घालवू?" आणि पुन्हा सुकट निवडायला घेत, "पुनवेच्या रातीला निकेतला सांगितलं सगलं. तवापासनं तो माज्याशी पन बोलत न्हाय धड."

उर्मिलेला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण तिनं विचारलं, "मी त्यांना भेटू का? धर्माजींना?"

"भेटा," शालू म्हणाली. "तुमच्याशी बोलंल. तुमी गावच्या न्हाय."

जाळ्यांची झोपडी किनाऱ्याला लागून होती. आत नायलॉनच्या जाळ्यांचे निळे ढीग आणि कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी. दारात एक सडपातळ म्हातारा जाळं सांधत बसला होता. साठीचा असेल, पण दिसत होता सत्तरीचा. उर्मिला समोर उभी राहिली. तिनं पर्समधून प्रिंट काढून त्याच्यापुढे धरली. आपण असं का केलं, ते तिला पुढेही सांगता आलं नाही.

धर्मानं कागद हातात घेतला. उन्हात धरला, लांब नेला, जवळ आणला. चित्रातला वल्लभ राणीपुढे वाकलेला होता. धर्माचं बोट त्याच्यावरून घसरत दोराच्या टोकावर येऊन थांबलं.

"असाच व्हता," तो म्हणाला. "येवढं बघितलं व्हतं त्यानं? मना वाटलं, पोर आयेच्या मागं हाय. रडतंय. त्याचं ध्यान न्हाय."

"त्यालाही माहीत नव्हतं," उर्मिला म्हणाली. "त्याच्या हातानं काढलं फक्त. मी... मी सांगितलं त्याला."

"तुमी सांगितलं." त्यानं मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. "मंग तुमाला सांगतो. दुसरं कोनाला सांगितलेलं न्हाय. शालूला बी न्हाय."

समुद्रावरून वारा येत होता, कागद त्याच्या हातात फडफडत होता.

"वारा लई व्हता. बाबाजी पान्यात, नाकापर्यंत पानी. मी सुरी घेतलेली. त्यानं माज्याकडं बघितलं नि वरडला. मना 'काप' येवढंच ऐकू आलं. फुडं लाट आली." त्यानं उडणारा कागद गुडघ्यावर दाबला. "काप म्हनाला, का कापू नको म्हनाला, मना ठाव न्हाय. येकोनीस वर्सं झाली. झोपताना ऐकतो. कदी काप ऐकू येतं, कदी फुडं नको बी ऐकू येतं. शालूला काप सांगितलं. तिला येकच सांगायचं व्हतं ना कायतरी."

उर्मिला वाळूत बसली.

धर्मानं कागदाकडे पुन्हा पाहिलं. "याचं फुडं काय होतं?" त्यानं वल्लभवर बोट ठेवून विचारलं. "हा काय करतो मंग?"

या एका प्रश्नावर तिनं गटावर किती लिहिलं होतं. वल्लभ पळून जाईल, वल्लभ राणीला विष देईल, वल्लभ स्वतः माशाच्या कानात बोलेल. पानंच्या पानं. आता तिच्या तोंडून एवढंच आलं, "माहीत नाही, काका."

"हां," धर्मा म्हणाला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. तिनं तो परत मागितला नाही.

त्या संध्याकाळी तिनं गुणवंत मोकलांना फोन केला. घडलेलं सांगितलं, फक्त धर्मानं वाऱ्यात काय ऐकलं ते सांगितलं नाही. पलीकडे ट्रकचे भोंगे वाजत होते. मग ते म्हणाले, "आपण तर नुसती मजा करत होतो हो."

गटाची मालकी उर्मिलेकडे होती. ती तिनं त्यांच्याकडे दिली. त्यांनी गटावर लिहिलं, 'लेखकाच्या घरी अडचण आहे, कृपया कुणी काही विचारू नये.' लोकांनी ऐकलं नाही. नवा माणूस गटात आला की पहिला प्रश्न हाच, वल्लभ निष्ठावान होता का? आणि जुने लोक 'दोर कापलेला आहे' ही जुनी चर्चा त्याच्यापुढे टाकायचे. उर्मिला रोज दुपारी वाचायची. लिहायची मात्र नाही.

तिची झोप गेली असं नाही. पण घरात एक शब्द राहायला आला. एकदा आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "सुरणाचे काप करू का गं?" आणि उर्मिलेच्या हातातलं भांडं खाली पडलं. आई धावत आली. "काय झालं? भाजलं का?" ती नाही म्हणाली. पुढे घरात सुरण आणणंच बंद झालं, आणि आईनं कारण विचारलं नाही. लॅबमध्ये पंख्याचा आवाज चालू असला की तिला त्यात कुणीतरी दुरून ओरडतंय असं वाटायचं. ती पंखा बंद करायची, ऐकायची. मग घामानं वैतागलेला पेशंट म्हणायचा, "मॅडम, फॅन तो चलाओ."

दिवाळी झाल्यावर धर्मा उत्तरेकडे सातपाटीला गेला, दुसऱ्याच्या बोटीवर. शालूनं फोनवर सांगितलं. अधूनमधून तिचा फोन यायचा, का ते तिनं कधी सांगितलं नाही. निकेतनं त्याला थांब म्हटलं नाही. म्हणायला गेला होता, झोपडीच्या दारापर्यंत गेला आणि परत आला, असं शालू म्हणाली. पुढच्या पावसाळ्यात, बोटी बंद असताना, धर्मा तिकडेच तापानं गेला. निकेत टेम्पो करून गेला आणि त्याला पालीला घेऊन आला. गावात कुजबुज झाली, अग्नी कोण देणार. निकेतनं कुणाला विचारलं नाही. मडकं त्यानंच खांद्यावर घेतलं.

"खिशात येक कागद व्हता," शालू म्हणाली. "भिजून लगदा झालेला. काय व्हतं, कलत न्हाय."

सप्टेंबरमध्ये एका सकाळी शालू लॅबमध्ये आली, साखर तपासायला. तिच्याबरोबर काळा पडलेला, चष्मा लावलेला, तिशीच्या आतला माणूस होता. उर्मिलेनं निकेतला तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या तळव्यांना घट्टे पडले होते आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर चिंध्या बांधलेल्या होत्या. आई आत रक्त द्यायला गेली तेव्हा तो टेबलाजवळ आला.

"तुम्ही उर्मिलाताई."

"हो."

"मी तुम्हाला दोष देत नाही," तो म्हणाला. हे त्यानं घरून ठरवून आणलं असावं. "विचारलं मी. तुम्ही नाही."



"काका तुमच्याशी बोलला होता, आई म्हणते. झोपडीत." तो खाली बघत होता. "मी नाही बोललो त्याच्याशी. नंतर एकदाही नाही. आईनं सांगितलंय, पण आई मला बरं वाटावं म्हणूनही सांगेल. तुम्हाला त्यानं सांगितलं का, बाबा काय म्हणाले ते?"

आत नर्स शालूला मूठ घट्ट धरायला सांगत होती. पंखा चालू होता. उर्मिलेपुढे स्क्रीनवर कुणाचा तरी अर्धा झालेला रिपोर्ट होता, आणि त्यातला एकही आकडा तिला दिसत नव्हता.

"सांगितलं," ती म्हणाली. "काप म्हणाले."

"नक्की?"

"स्पष्ट ऐकलं, असं म्हणाले काका. दोनदा म्हणाले तुझे बाबा. काप, काप."

दोनदा का म्हटलं, तिला कळलं नाही. ते आपोआप आलं.

निकेतनं वर पाहिलं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, चित्रं काढणारी माणसं बघतात तसा. कपाळ, डोळे, ओठांच्या कडा, एकेक करून. उर्मिलेनं नजर हलू दिली नाही. तेवढ्यात शालू दंडावर कापूस दाबत बाहेर आली. "झालं. रिपोट कवा?"

"संध्याकाळी सहाला," उर्मिला म्हणाली.

निकेतनं आईचा दुसरा हात धरला. दाराशी त्यानं वळून पुन्हा तिच्या ओठांकडे पाहिलं, पण बाहेर रिक्षावाला घाई करत होता. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला शालू एकटीच आली.